आईने बांधलेली तार

त्या घरात दात आधी यायचे आणि माणसं मागून. रस्त्याकडच्या खोलीत दवाखाना होता. तिथे डॉक्टरबाई लोकांचे वाकडे दात तारा लावून सरळ करत. मागच्या खोलीत त्यांचा नवरा कवळ्या बनवी. ज्यांचे ते दात, ती माणसं मधल्या बाकावर गालाला हात लावून बसलेली असत. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. गल्लीतला एकूण एक जबडा तिथे हजर होता, खाली पेन्सिलीने आडनाव लिहिलेला. त्यातले काही मालक आता हयात नव्हते, पण जबडे उघडेच होते, वाक्य अर्ध्यावर असताना कोणीतरी गप्प बसवल्यासारखे. नवरा दिवसभर त्यांच्यात बसून काम करायचा. भीती वाटत नाही का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, जिवंतपणी हेच लोक जास्त चावायचे.

डॉक्टरबाई नवऱ्याला ‘कारागीर’ म्हणत आणि तो त्यांना ‘डॉक्टर’ म्हणे. लग्नानंतर काही दिवस दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारून पाहिली होती, पण बाकावरचे पेशंट हसायचे, तेव्हा ते सोडून दिलं. त्यांना एक मुलगी होती. पटाशीचे दोन दात पुढे, म्हणून घरात तिचं नाव उंदरी. दुसऱ्यांच्या मुलांचे दात सरळ करणाऱ्या बाईची पोरगी अशी दात पुढे काढून हिंडते, हे धंद्याच्या दृष्टीने बरं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं शेजारचे ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत. म्हणून उंदरी हायस्कुलात जाऊ लागली तेव्हा आईने तिला खुर्चीत बसवलं आणि वरच्या दातांना तारा लावल्या.

तारा लावणं हे डॉक्टरांचं काम, आणि त्या स्वच्छ ठेवणं ही पेशंटची जन्मठेप. रोज संध्याकाळी आई उंदरीच्या मागे बेसिनपाशी उभी राहायची. दातांवर चिकटवलेले ठोकळे आणि त्यांतून गेलेली तार. ब्रश आधी तारेच्या वर तिरका धरायचा, मग खाली तिरका, मग प्रत्येक ठोकळ्याभोवती फिरवायचा. मग बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू शोभेल असा एक इवलासा ब्रश तारेच्या मागून घालायचा. मग दोरा एका प्लास्टिकच्या फासात ओवून दातांच्या प्रत्येक फटीतून काढायचा. एवढं झालं की रंगाची गोळी चघळायची. जिथे कीट राहिलं असेल तिथे दात गुलाबी होतो, आणि गुलाबी झाला की पुन्हा पहिल्यापासून. आई आरशात बघून एवढंच म्हणायची, “डावीकडे मागे राहिलं.” ‘छान’ हा शब्द तिने कामात एकदाच वापरल्याचं कारागिराला आठवत होतं, तोही एका अनोळखी माणसाच्या दाढेच्या मुळाबद्दल.

एका सकाळी डॉक्टर दवाखाना उघडायला खाली उतरल्या आणि जिन्यातच बसल्या. त्या परत उठल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी उंदरीची तार बदलली होती. नवी तार ओवून प्रत्येक ठोकळ्याला केसाएवढ्या बारीक तारेने बांधली होती आणि प्रत्येक गाठीचं शेपूट आत दडवून ठेवलं होतं, जिभेला लागू नये म्हणून. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. ते आता उंदरीच्या तोंडात होतं.

दवाखाना बंद झाला. समोरच्या खोलीतल्या खुर्चीवर चादर आली. कारागीर मागच्या खोलीत काम करत राहिला, कारण लोकांचे दात काही कोणाच्या दुःखासाठी पडायचे थांबत नाहीत. घर सांभाळायला त्याची थोरली बहीण येऊन राहिली. ही उंदरीची आत्या. तोंडात भावाच्या हातची कवळी, आणि कवळीबाहेर कायम एक मत.

पहिल्यांदा ते आत्याच्याच कानावर आलं. न्हाणीघराचं दार बंद, आत उंदरी दात घासतेय, आणि कोणीतरी बोलतंय. शब्द कळत नव्हते. एक बोलत होतं आणि एक “हं” म्हणत होतं. ‘हं’ उंदरीचा होता.

आत्याने दार उघडायला लावलं. आत उंदरी एकटीच, तोंडात फेस. कोणाशी बोलत होतीस, म्हटल्यावर तिने चूळ भरली, ओठ पुसले आणि शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं, आईशी. ब्रश तारेला लागला की आई बोलते. कानात नाही बोलत, दातांत बोलते. तिथून वर डोक्यात जातं.

आत्याने भावाला गाठलं. तो एका कवळीला हिरडीचा रंग देत होता.

“अरे, धातूत रेडिओ पकडतो म्हणे. मी ऐकलंय. पोरीच्या तोंडात स्टेशन लागलंय.”

“कुठलं?”

“बातम्या असणार. पोरगीच म्हणते, सारखं काय राहिलं, काय राहिलं तेच सांगतात.”

कारागिराच्या हातातली कुंचली थांबली. मग त्याने ती पाण्यात बुडवली आणि म्हणाला, ताई, कुठे काय ऐकून येतेस. आत्या म्हणाली, मला नको सांगूस, माझ्याही तोंडात तुझ्या हातचे एवढे दात आहेत, आजवर अवाक्षर बोलले नाहीत. आणि त्यांना बोलायला जागाच कुठे मिळते, असं कारागिराला म्हणायचं होतं. पण थोरली बहीण, म्हणून तो म्हणाला नाही.

त्याने पोरीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी तिचं घासून झाल्यावर तो रंगाची गोळी घेऊन न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, आई सांगते ना, मग गोळी चघळायच्या आधी सांग, कुठे कुठे गुलाबी होईल. उंदरीने ब्रशचा दांडा तारेला हळूच टेकवला, जरा मान कलती केली, आणि बोट ठेवून दाखवलं. इथे. आणि इथे, ठोकळ्याच्या वरच्या कडेला. मग गोळी चघळली. कारागिराने टॉर्च धरला. तिथे आणि तिथे, ठोकळ्याच्या वरच्या कडेला, गुलाबी. बाकी सगळे दात स्वच्छ, नुकत्याच ओतलेल्या प्लास्टरसारखे.

त्याने टॉर्च विझवला. पाठीवरून गार काहीतरी खाली उतरत गेलं, आणि त्याच्या मागोमाग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, एक आनंद.

“अजून काय म्हणते?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दातांचंच.”

“माझ्याबद्दल काही?”

उंदरीने पुन्हा दांडा टेकवला. थांबली.

“विचारलं. म्हणाली, चूळ भर.”

बायको गेल्यावर नवऱ्याबद्दल चार शब्द बोलेल अशी अपेक्षा ठेवणारे पुष्कळ असतात. जिवंतपणी बोलत नव्हती ती मेल्यावर कुठून बोलणार, हा विचार सुचायला जरा वेळ लागतो. कारागिराला तो सुचला, पण पटला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी न्हाणीघराच्या दारापाशी घुटमळू लागला. टॉवेल वाळत घालायचाय, नळ गळतोय का बघतोय, भिंतीला ओल आलीय का बघतोय. ओल नव्हती. तो दाराला कान लावून उभा असायचा. आतून ती कुजबूज यायची. सूर ओळखीचा, शब्द एकही नाही, बंद कपाटात कोणी बोलावं तशी. एकदा आत्याने त्याला तसं पकडलं. ती काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही, यावरून प्रकरण कुठवर गेलं होतं ते कळावं.

सगळ्या जगातली पोरं तारा लावल्या की दात घासायचं टाळतात. उंदरीचं उलट झालं. ती सकाळी घासायची, शाळेतून आल्यावर घासायची, संध्याकाळी घासायची. शाळेतून निरोप आला, की मधल्या सुट्टीत तुमची मुलगी डबा न उघडता नळावर उभी असते. पाणी प्यायलं तरी नंतर ब्रश. हळूहळू तिने चिकट खाणं सोडलं, ते तारावाल्यांना सोडायलाच सांगतात. मग कडक सोडलं. मग मऊ सोडलं. आत्या पाव दुधात बुडवून हातात द्यायची, ती तो हातात घेऊन बसायची.

“खा गं बाई. किती वाळलीस. उंदरी होतीस, आता नुसती शेपटी राहिलीस.”

“नको, आत्या.”

“का पण?”

“खाल्लं की आईच्या अंगावर सांडतं.”

आत्याने ती वाटी उचलून नेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मग मागच्या खोलीत जाऊन भावाला म्हणाली, आज तू तिच्या तोंडात बघ. नीट बघ. दाराबाहेरून नाही.

कारागिराने पोरीला खिडकीपाशी उजेडात बसवलं. हिरड्या घासून घासून दातांवरून मागे सरकल्या होत्या. त्याने सवयीने विचारलं, गोळी आत्ता चघळलीस का? ती नाही म्हणाली. गोळी कालपासून घेतलीच नव्हती. मग हे गुलाबी कशाचं, ते त्याला विचारावं लागलं नाही. भिंतीवरचे सगळे जबडे त्याच्याकडे बघत होते, आणि आपण सगळ्यांत शेवटी बघितलं, हे त्यांना माहीत असल्यासारखं त्याला वाटलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण डॉक्टर होती. बाईंच्या हाताखाली शिकलेली, म्हणून सगळे तिला धाकट्या डॉक्टर म्हणत. उंदरी तिला मावशी म्हणायची. कारागिराने तिला घरी बोलावलं. उंदरीने एक अट घातली, मावशीने हात पाठीमागे ठेवून बघायचं. धाकट्या डॉक्टर खरंच हात पाठीमागे बांधून वाकल्या, एखाद्या दुकानात ‘हात लावू नये’ अशी पाटी असावी तशा. बराच वेळ बघत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. तो स्वच्छच होता.

बाहेर बाकावर बसून त्यांनी कारागिराला सांगितलं, तार आता उतरवायलाच हवी. बाईंनी ती एक वर अडकलेला सुळा खाली आणायला घातली होती, तो केव्हाच जागेवर आला. तार थांबत नाही, तिला कोणी सांगितलेलं नसतं की काम झालं. ती त्याला ओढतच राहणार. हिरड्या अशाच घासल्या गेल्या तर पुढचे दात हलतील. आणि पोरगी खात नाही, ते तर मी सांगायला नको.

“गाठी बघितल्यास?” कारागीर म्हणाला.

“बघितल्या.”

“एकाही गाठीचं शेपूट दिसत नाही.”

“नाही.” त्यांनी चष्मा परत चढवला. “मलाही हात लावावासा वाटत नाही, दादा. पण बाईंनी असं ठेवलं असतं का? बाईंनी मला खुर्चीवरून उठवलं असतं.”

शनिवारी दुपारी दवाखाना उघडायचा, खुर्चीवरची चादर काढायची आणि तार उतरवायची, असं ठरलं. उंदरीला सांगायचं काम बापाकडे आलं. त्याने सांगितलं तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. दोन्ही ओठ मिटून घेतले, आणि ते काही केल्या उघडेनात. आत्याने विनवण्या केल्या, दटावलं, दाताच्या कण्या केल्या. लोकांची दातखीळ भीतीने बसते. हिची बसली होती ती कोणाला तरी आत कोंडून ठेवायला.

शनिवारी सकाळी कारागिराला एक युक्ती सुचली. माणसाला सगळ्यात वाईट युक्त्या त्याच्या स्वतःच्या धंद्यातल्या सुचतात. गवंड्याला भिंत सुचते, वकिलाला नोटीस सुचते. याला माप सुचलं.

तो उंदरीपाशी बसून म्हणाला, तार जायच्या आधी आपण तुझ्या दातांचं माप घेऊ, तारेसकट. प्रत्येक गाठ त्यात येईल. त्यात प्लास्टर ओतू. मग तार गेली तरी जशीच्या तशी राहील. फळीवर नाही ठेवणार, माझ्या टेबलावर ठेवीन.  मग तिने कितीतरी वेळाने ओठ उघडले.

“प्लास्टर बोलेल?”

खरं सांगायचं तर ‘नाही’ म्हणायला हवं होतं. त्याने फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “बघू या.”

ती बघू या म्हणाली.

त्याने नेहमीची मापाची पूड घेतली नाही. ती स्वस्त आणि ठिसूळ, तिच्यात गाठींची शेपटं आली नसती. त्याने कपाटातून रबराचं माप काढलं. ते केसाचासुद्धा ठसा घेतं. दोन लगदे एकमेकांत मळून गुलाबी गोळा केला, जबड्याच्या आकाराच्या, पुढे दांडा असलेल्या ट्रेमध्ये भरला, उंदरीला मान वर करायला सांगितली आणि ट्रे तिच्या वरच्या दातांवर दाबून बसवला.  मऊ रबर तारेच्या वरून, खालून, मागून आत शिरलं. नाकाने श्वास घे, हलू नकोस, असं सांगून तो ट्रे धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने उंदरीचे डोळे मोठे झाले. ती “उं, उं” करायला लागली. हात वर करून काहीतरी सांगू लागली. हाताने कसली तरी छोटी गोळी मळल्यासारखं करत होती. हलू नकोस, माप बिघडेल, असं त्याने पुन्हा सांगितलं. आजवर तिच्या आईच्या प्रत्येक पेशंटला असंच सांगितलं जात होतं. उंदरीने त्याचा शर्ट धरून हलवला. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

रबर आवळलं. त्याने ट्रे खाली ओढला. ट्रे आला नाही.

त्याने जरा जोर केला. उंदरीचं डोकं ट्रेबरोबर खाली आलं. मग त्याचे हात सुटले आणि तो मागे सरकून भिंतीला टेकला.

हे त्या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तारा लावलेल्या तोंडाचं माप घ्यायचं तर आधी मऊ मेणाची वळी करून तारेखालची सगळी पोकळी बुजवायची. नाहीतर रबर तारेच्या मागे जाऊन घट्ट होतं, आणि मग ते तारेला सोडत नाही, तार दाताला सोडत नाही. त्यालाही माहीत होतं. पण इतक्या वर्षांत त्याने एकदाही स्वतः मेण लावलं नव्हतं. तारेच्या पेशंटला मेण डॉक्टर लावत, आणि मग याला हाक मारत. त्याने नुसता लगदा मळायचा. संसारात असंच असतं. अर्ध्या गोष्टी आपल्याला येतात अशी आपली समजूत असते, त्या शेजारचं माणूस करत असतं.

त्याने धाकट्या डॉक्टरांना फोन लावला.  त्या म्हणाल्या, ओढू नका, अजिबात ओढू नका, मी निघाले. आत्या धावत आली, तिने पोरीच्या तोंडातून बाहेर आलेला तो दांडा पाहिला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. कारागीर उंदरीसमोर गुडघ्यांवर बसला. माफ कर, माफ कर, मावशी येतेय, ती कापून काढेल, तुझ्या आईच्या गाठींना धक्का लागणार नाही, असं काहीबाही बोलत राहिला. यातलं शेवटचं खरं नव्हतं. ते दोघांनाही कळत होतं.

उंदरी त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे आता मोठे नव्हते. लाळ हनुवटीवरून खाली येत होती, ती तिने बाहीने पुसली. मग तिने मान कलती केली, बेसिनपाशी करायची तशी, आणि ऐकत राहिली. तोंडभर रबर, ब्रश नाही, काही नाही. पण ती ऐकत होती, हे कारागिराला दिसत होतं. खोली इतकी गप्प होती की त्याला वाटलं, फळ्यांवरचेही ऐकताहेत.

मग तिने दोन्ही हातांनी ट्रेचा दांडा धरला.

“नको,” तो म्हणाला. “उंदरे, नको.”

तिने ओढला.

आवाज फार मोठा झाला नाही. बोटं मोडल्यासारखं टिक, टिक, टिक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ट्रे खाली आला. गुलाबी रबरात सगळे ठोकळे ओळीने रुतून बसले होते, त्यांतून तार गेलेली, आणि गाठी जशाच्या तशा. एकही सुटली नव्हती.

उंदरीने बेसिनशी जाऊन चूळ भरली. थोडं रक्त, थोडं रबर. जिभेने वरचे दात चाचपले. ते गुळगुळीत होते आणि तिला ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटले असावेत, कारण तिने आरशाकडे पाठ केली. आत्या तिला जवळ घ्यायला उठली. उंदरी म्हणाली, “आत्या, भूक लागली.”

आत्या कधी नव्हे ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि हाताला लागलं ते घेऊन आली. सफरचंद होतं. ते चिरायचं तिच्या ध्यानात आलं नाही. उंदरीने ते तसंच घेतलं, पण चावलं नाही. बापासमोर उभी राहिली. तो ट्रे दोन्ही तळव्यांत धरून बसला होता, पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा.

“आईने सांगितलं ओढायला?” त्याने विचारलं.

“नाही. ते मीच.”

“मग मघाशी काय बोलत होतीस? हात करत होतीस ते?”

“तुला सांगत होते. आई मोठ्याने बोलत होती. आधी कधी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती.”

“काय?”

“म्हणाली, कारागिराला विचार, मेण लावलंस का.”

कारागिराने ऐकलं. चेहऱ्यावर काही झालं नाही. नुसता कान लाल होत गेला, आधी एक, मग दुसरा. ‘कारागिराला’. गेल्या कित्येक महिन्यांत हा शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता. आत्या त्याला नावाने हाक मारायची, गिऱ्हाईकं भाऊ म्हणायची, पोरगी बाबा. तो शब्द ज्या तोंडाचा होता त्याच तोंडाने नेला होता. रोज संध्याकाळी दाराला कान लावून तो काय ऐकायला उभा राहत होता, ते त्याला आत्ता कळलं. आणि ते आलं होतं, वेळेवर आलं होतं, त्याच्याचसाठी आलं होतं, आणि ते सांगणाऱ्या पोरीच्या तोंडात त्यानेच रबर कोंबलं होतं.

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले. आत्या घाबरून पुढे आली, पण उंदरीने तिला हाताने थांबवलं.

मग त्याने नाक पुसलं, ट्रे जरा वर धरला आणि त्या गुलाबी रबराला, त्यातल्या तारेला, अगदी कामातल्या आवाजात उत्तर दिलं.

“नाही लावलं, डॉक्टर. विसरलो.”

 रस्त्यावरून एक सायकल गेली.

“आता काय म्हणते?” त्याने विचारलं.

उंदरीने सफरचंदाला दात लावले. पुढच्याच दातांनी, तारा लावल्यापासून मनाई होती अगदी तसं. कचकन तुकडा तुटला. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, “मला नाही माहीत. मला आता ऐकू येत नाही. तूच ऐक.”

ती खात राहिली. दुखत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं, पण ती थांबली नाही. हनुवटीवर रस ओघळला, तो तिने पुसलाही नाही.

कारागिराने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर एक छोटा ब्रश होता, प्लास्टरची धूळ झाडायचा. तो त्याने उचलला. रबरातून वर आलेल्या तारेच्या कडेला हलकेच लावला, आणि ट्रे कानापाशी नेला.

धाकट्या डॉक्टर धापा टाकत आल्या तेव्हा मागच्या खोलीत असं दृश्य होतं. स्टुलावर आत्या, तोंडावर पदर. खिडकीपाशी उंदरी, मोकळ्या दातांनी सफरचंद खातेय. आणि मधोमध कारागीर, डोळे मिटून, कानाशी ट्रे धरून, अधूनमधून “हं” म्हणतोय. भिंतींवर सगळे जबडे उघडे.

त्यांनी तोंड उघडलं. कारागिराने डोळे न उघडता एक बोट वर केलं.

धाकट्या डॉक्टर दारातच उभ्या राहिल्या, बॅग खाली न ठेवता. बाईंचं बोलणं चालू असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती.